शिडाच्या जुन्या होडीची जात कशी ओळखावी?

सातारा जिल्ह्यातील मुनावळे येथे कोयनेच्या शिवसागर जलाशयावर २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्र सुरू झाले आणि तापोळा-बामणोलीच्या पाण्याविषयीची चर्चा नव्याने रंगू लागली. या भागाला बोट नवीन नाही. जलाशयात डिझेलच्या लाँच चालतात आणि सांगलीला कृष्णेच्या पात्रात वल्ह्यांच्या होड्यांच्या शर्यती पाहायला काठ फुलून जातात. शिडाची होडी मात्र आपल्याकडे अजून अनोळखीच आहे. त्यामुळे कोणी हौसेने मुंबई-पुण्याकडून जुनी शिडाची होडी टेम्पोत घालून आणली, की ती उतरवून घेतल्यावर पहिला प्रश्न पडतो तो असा, की ही आहे तरी कोणती? अंगावर पाटी नाही, क्रमांक नाही, कागद नाहीत आणि विकणाऱ्याने सांगितलेले नाव खरे मानावे, तर त्यालाही ते दुसऱ्याच कोणी सांगितलेले असते.

या लेखात ज्या होडीचा विचार केला आहे तिला डिंगी म्हणतात. डिंगी म्हणजे एक ते तीन माणसांची, वरून उघडी, हलकी शिडाची होडी. मोठ्या शिडाच्या नौकेच्या तळाशी शिशाचे किंवा बिडाचे वजन कायमचे बसवलेले असते. डिंगीला असे वजन नसते आणि तिचा तोल आत बसलेल्या माणसांनी स्वतःच्या शरीराने सांभाळायचा असतो. पुढे जे काही सांगायचे आहे, त्याचे मूळ या एका गोष्टीत आहे.

नाव कळून करायचे काय?

होडी तरंगते आहे, शीड आहे, मग नावाशी काय देणेघेणे, असे अनेकांना वाटते. नावाचा उपयोग मिरवण्यासाठी नाही, मापांसाठी आहे. शिडाची होडी हा जुळवलेला संच असतो. वारा शिडाला ज्या जागी ओढतो ती जागा आणि होडी आडवी सरकू नये म्हणून पाण्यात सोडलेली फळी जिथे अटकाव करते ती जागा, या दोन्ही जवळजवळ एकाच उभ्या रेषेत याव्या लागतात. शिडाची ओढ मागे सरकली तर होडी सतत वाऱ्याच्या दिशेने तोंड वळवू पाहते आणि सुकाणू धरणाऱ्याचा हात दुखून येतो. ओढ पुढे गेली तर ती वाऱ्यापासून पळ काढते, आणि नवख्या माणसासाठी हा प्रकार अधिक धोक्याचा असतो. डोलकाठी किती उंच, ती नाकापासून किती अंतरावर उभी, फळी किती खोल आणि शीड किती मोठे, ही चारही मापे आरेखकाने एकमेकांशी बांधलेली असतात.

त्यातही शिडाचे क्षेत्रफळ निर्णायक असते. मुलांच्या ऑप्टिमिस्ट होडीचे शीड साडेतीन चौरस मीटरपेक्षा कमी असते, तर एंटरप्राइज नावाच्या दोन माणसांच्या होडीची दोन शिडे मिळून सुमारे साडेदहा चौरस मीटर भरतात. तोल माणसांनीच सांभाळायचा असल्यामुळे एका होडीचे शीड दुसरीवर चढवले, की सह्याद्रीच्या घळीतून उतरणाऱ्या पहिल्याच झोताला ती आडवी होते. धरणांच्या पाण्यावर वारा एकसारखा वाहत नाही. डोंगराची सोंड ओलांडली की तो अचानक वाढतो किंवा दिशा बदलतो, हे त्या काठावरच्या कोणालाही विचारावे.

मुळात ओळख पटते ती का?

साधी वल्ह्याची होडी प्रत्येक सुतार आपल्या हाताने, आपल्या अंदाजाने बांधतो. शिडाच्या डिंगीचे तसे नाही. शर्यतीत माणसाचे कसब ठरावे, होडीचा पैसा ठरू नये, म्हणून विसाव्या शतकात एक पद्धत रूढ झाली, ती अशी, की एकाच आराखड्यावरून, ठरलेल्या मापांनी आणि ठरलेल्या वजनात हजारो होड्या बांधायच्या. अशा एका आराखड्याच्या सगळ्या होड्यांना मिळून ‘क्लास’ म्हणतात. या लेखात त्यासाठी ‘जात’ हा शब्द वापरला आहे. जातीचे नियम सेंटिमीटरच्या नव्हे, मिलिमीटरच्या भाषेत लिहिलेले असतात, आणि म्हणूनच पाटी नसलेली होडीही मापांवरून ओळखता येते.

काही जातींच्या बाबतीत तर नावातच माप असते. ४२० ही होडी ४.२० मीटर लांब आहे, ४७० ही ४.७० मीटर आणि ५०५ ही ५.०५ मीटर. जीपी-१४ मधले १४ हे फूट आहेत. ब्रिटिश आराखडे फूट-इंचांत आणि युरोपातले बहुतेक मीटरमध्ये काढलेले असल्यामुळे, आपण घेतलेली लांबी दोन्ही मापांत लिहून पाहिली, की कधीकधी तेवढ्यावरूनच दिशा मिळते.

कोणत्या पुराव्याला किती वजन द्यावे?

मिरजेच्या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथल्या एखाद्या जुन्या कारागिरापुढे नाव नसलेला तानपुरा ठेवला, तर तो तारांकडे किंवा खुंट्यांकडे पाहून काही बोलणार नाही, कारण त्या किती वेळा बदलल्या असतील याचा नेम नसतो. तो भोपळ्याचा घेर पाहील, गळ्याचा सांधा पाहील, तबलीची उतरण हाताने चाचपेल. होडीच्या बाबतीतही हेच धोरण ठेवावे. जी गोष्ट बदलायला सोपी, तिची साक्ष कच्ची. जी बदलायची तर होडीच नव्याने बांधावी लागेल, तिची साक्ष पक्की.

या कसोटीवर पाहिले तर सर्वांत कच्चा पुरावा रंगाचा आणि रंगाने लिहिलेल्या नावाचा. त्याच्या खालोखाल शीड, कारण शिडे फाटतात, विकली जातात, एका होडीची दुसरीवर चढतात. डोलकाठी आणि आडवी काठी म्हणजे बूम, यांचेही तसेच. सुकाणू दोन बिजागऱ्यांवर टांगलेले असल्याने तेही सहज अदलाबदल होते. त्यानंतर पितळी-पोलादी सामान. पक्का पुरावा फक्त कवचाचा, म्हणजे होडीच्या मूळ अंगाचा: तिची लांबी, रुंदी, नाकाचा आकार, तळाचे कंगोरे आणि तळातल्या फळीच्या फटीची जागा यांचा. विकणारे आणि विकत घेणारे दोघेही नेमके उलट्या टोकाने सुरुवात करतात. शिडावरचे चिन्ह पाहून नाव ठरते आणि मग त्या नावाला कवच कसेबसे बसवले जाते.

टेप आणि ओळंबा

मापे घेण्यासाठी होडी दोन जाड सतरंज्यांवर किंवा जुन्या टायरांवर सरळ ठेवावी आणि स्पिरिट लेव्हल लावून आडवी-उभी समपातळीत आणावी. लांबी टेप कवचाच्या बाकदार अंगावरून ओढून मोजू नये, कारण वळणामुळे ती बरीच जास्त भरते. नाकाच्या सर्वांत पुढच्या टोकापासून आणि मागच्या सपाट फळीच्या सर्वांत मागच्या कडेपासून गवंड्याचा ओळंबा खाली सोडावा, जमिनीवर दोन खुणा कराव्यात आणि त्या खुणांमधले सरळ अंतर मोजावे. सुकाणू, त्याच्या बिजागऱ्या आणि नाकावरची लोखंडी कडी यांत धरू नये.

रुंदी सर्वांत रुंद जागी घ्यावी, एकदा कडेच्या लाकडी पट्टीसह आणि एकदा पट्टी सोडून. ही पट्टी धक्क्यांसाठी असते आणि जुन्या होडीला ती हमखास नवी, जाड बसवलेली असते, म्हणून दोन्ही आकडे हाताशी असावेत. याशिवाय नाकापासून डोलकाठीच्या खाचेपर्यंतचे अंतर, नाकापासून फळीच्या फटीच्या पुढच्या टोकापर्यंतचे अंतर, फटीची लांबी आणि मागच्या फळीची रुंदी व उंची लिहावी. एवढ्या मापांचा कागद तयार झाला, की निम्मे काम झाले असे समजावे.

वजनाचे काय, असे कोणी विचारेल. वजन घ्यावे, पण त्यावर फार विसंबू नये. जुने प्लायवूड पाणी पिते, फायबरच्या होडीतला फोम भिजून जड होतो आणि प्रत्येक दुरुस्तीत थोडी भर पडते. त्यामुळे जुनी होडी जातीच्या ठरलेल्या वजनापेक्षा जड निघणे नेहमीचे आहे. ती बरीच हलकी निघाली तर मात्र ती जात नव्हे, एवढे ठामपणे म्हणता येते. वजनासाठी धान्याच्या दुकानातला मोठा काटा चालतो. कारखान्याच्या वजनकाट्यावर शंभरेक किलोची वस्तू तोलण्यात अर्थ नाही.

कवच वाचावे कसे?

होडीच्या पुढच्या टोकाला जुन्या मराठीत नाळ म्हणतात. आधी नाळेकडे पाहावे. ती दोन बाजू एका धारेत मिळून टोकदार झाली आहे, की पुढे आडवी सपाट फळी आहे? सपाट नाळेच्या होड्या मोजक्याच आहेत. अमेरिकेतील फ्लोरिडात क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये मुलांसाठी आखलेली ऑप्टिमिस्ट ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. ती अडीच मीटरही लांब नाही आणि जवळजवळ पेटीसारखी चौकोनी दिसते. दुसरी मिरर. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस ‘डेली मिरर’ या ब्रिटिश वृत्तपत्रासाठी ती तयार केली. लांबी ३.३० मीटर, आणि मूळची शिडे लाल. प्लायवूडचे तुकडे तांब्याच्या तारेने टाचून, सांध्यांवर फायबरची पट्टी आणि राळ लावून ती घरच्या घरी बांधता यावी, असा हेतू होता. म्हणून मिररच्या प्रत्येक सांध्यावर आतून-बाहेरून पट्टीचा बारीक उठाव हाताला लागतो, रंगाचे कितीही थर असले तरी. अशा सत्तर हजारांहून अधिक होड्या बांधल्या गेल्या आहेत.

नाळ टोकदार असेल तर बोटे कवचाच्या बाजूवरून खाली तळाकडे न्यावीत. गोलाई एकसारखी लागते की मध्ये कंगोरा लागतो? प्लायवूड एकाच दिशेने वाकते, म्हणून प्लायवूडच्या होडीत सपाट पट्ट्या कोन करून जोडाव्या लागतात. त्या कोनाच्या कडेला इंग्रजीत चाईन म्हणतात, आपण कंगोरा म्हणू. एका बाजूला एकच कंगोरा असेल तर होडीचा छेद साध्या परातीसारखा दिसतो, दोन असतील तर तो गोलाईच्या जवळ जातो. जॅक होल्ट यांनीच १९५६ मध्ये ‘न्यूज क्रॉनिकल’ या वृत्तपत्रासाठी आखलेल्या एंटरप्राइजला दर बाजूला दोन कंगोरे आहेत. तिची लांबी ४.०४ मीटर म्हणजे १३ फूट ३ इंच, रुंदी सुमारे १.६ मीटर, आणि शिडे परंपरेने निळी. आपल्याकडे ही जात विशेष लक्षात ठेवावी, कारण शर्यतीच्या क्लबांत आणि एनसीसीच्या नौदल शाखेच्या शिबिरांत ती वर्षानुवर्षे वापरली गेली आहे, आणि निर्लेखित होऊन बाहेर पडणाऱ्या जुन्या होड्यांत ती भेटण्याची शक्यता बरीच असते.

कंगोरा मुळीच नसेल आणि गोलाई काचेसारखी सलग असेल, तर कवच बहुधा साच्यात ओतलेल्या फायबरचे आहे. ४२० आणि ४७० तशा आहेत. ब्रूस कर्बी यांची लेझर ही तर ओळखायला सर्वांत सोपी. लांबी ४.२३ मीटर, बसायला उथळ खळगा आणि डोलकाठीसाठी पुढे एक गोल भोक. लेझरची डोलकाठी कोणत्याही तारेच्या आधाराशिवाय त्या भोकात उभी राहते आणि शीड मोज्यासारखे वरून चढवतात. कवचाच्या दोन्ही कडांना तारा अडकवण्याच्या पट्ट्या किंवा त्यांची बुजवलेली भोके दिसत असतील, तर ती लेझर नव्हे.

आता होडी कुशीवर करून तळाची फट पाहावी. फट लांबलचक असेल तर आतली फळी एका खिळीवर फिरून खाली येणारी आहे. तिला सेंटरबोर्ड म्हणतात. फट आखूड असेल तर फळी वरून सरळ खाली खुपसायची आहे, ती डॅगरबोर्ड. ऑप्टिमिस्ट, मिरर आणि लेझर यांची फळी खुपसायची, तर एंटरप्राइज, जीपी-१४, वेफेअरर, फायरबॉल, ४२० आणि ४७० यांची फिरती. हा पुरावा अतिशय भरवशाचा आहे, कारण फटीभोवतीची पाणबंद पेटी होडीच्या कण्यातच बसवलेली असते आणि ती बदलण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही.

“विकणाऱ्याने तर फायरबॉल सांगितले होते”

हे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. साताऱ्याजवळच्या एका गृहस्थांनी मुंबईहून आणलेली होडी मी त्यांच्या गुरांच्या रिकाम्या गोठ्यात पाहिली. सोबत आलेल्या पांढऱ्या शिडावर लाल रंगाचा भरीव गोळा होता. तो गोळा फायरबॉल या जातीचे चिन्ह आहे यात शंका नाही. हे नाव आपल्याकडे लोकांच्या तोंडी असण्यालाही कारण आहे. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धांतील शिडाच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या आणि तिथे फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉलमध्ये भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. तेव्हापासून जुन्या डिंगीला सर्रास फायरबॉल म्हणून टाकणारे लोक भेटतात.

पण पीटर मिल्न यांनी १९६२ मध्ये आखलेली फायरबॉल ४.९३ मीटर लांब, जेमतेम १.४ मीटर रुंद आणि चपटी आहे, आणि तिची नाळ टोकदार नसून पुढून थोडी कापल्यासारखी बोथट आहे. गोठ्यातल्या होडीची नाळ धारदार होती. ओळंब्याने लांबी चार मीटरपेक्षा किंचित जास्त आली, रुंदी १.६ च्या आसपास, आणि रंगाखाली प्रत्येक बाजूला दोन कंगोरे स्पष्ट लागत होते. फट लांब होती. फायरबॉलमध्ये खलाशी ज्या तारेला लोंबकळून बाहेर झुकतो त्या ट्रॅपीझच्या तारांची किंवा खेचण्याच्या दोऱ्यांची एकही जागा आत नव्हती, आणि एंटरप्राइजमध्ये ट्रॅपीझ नसतोच. जवळजवळ एक मीटरने आखूड असलेल्या कवचावर फायरबॉलचे शीड चढवले होते, आणि डोलकाठीच्या बुडाशी करवतीची ताजी खूण होती. कोणीतरी ती डोलकाठी खाचेत बसावी म्हणून कापली होती. म्हणजे कवच एंटरप्राइजचे, शीड फायरबॉलचे आणि डोलकाठी कशाची ते ठरवायचे राहिलेच. अशा बांधणीने पाण्यात उतरणे म्हणजे धाडस नव्हे, निष्काळजीपणा आहे.

जुनी म्हणजे किती जुनी?

जात कळल्यावर वय ठरवायला चिकटवलेले सांधे उपयोगी पडतात. लाकडी होडीतल्या एखाद्या सांध्यावरचा रंग नखभर खरवडावा. सांध्यात गडद जांभळट-तपकिरी रेघ दिसली तर ती रिसॉर्सिनॉल या जुन्या पाणबंद चिकटाची असते. मधासारखी पिवळी, भरगच्च राळ दिसली तर ती इपॉक्सी, आणि जुन्या होडीत ती बहुधा नंतरच्या दुरुस्तीची. रंगहीन, ठिसूळ रेघ युरिया फॉर्माल्डिहाइडची असण्याचा संभव असतो. हा चिकट ओलाव्याने वर्षानुवर्षांत सुटतो, म्हणून तो दिसला तर प्रत्येक सांधा ठोकून पाहावा. घट्ट सांधा खणखणीत वाजतो, सुटलेला बद्द.

स्क्रूंना चुंबक लावावे. पितळ आणि ब्राँझ चिकटत नाही, साधे लोखंड चिकटते. चांगल्या कारखान्यात बांधलेल्या होडीत साधे लोखंड सहसा नसते, त्यामुळे चुंबक जिथे चिकटेल आणि भोवती लाकूड काळे पडलेले असेल, तिथे नंतरचा हात फिरला आहे असे धरावे. थरांनी बनलेल्या तपकिरी रंगाच्या कप्प्या दिसल्या तर त्या टफनॉलच्या, म्हणजे कापड आणि राळ दाबून केलेल्या, साधारण १९६० च्या दशकातल्या पद्धतीच्या. पण कप्प्या स्क्रूने बसवलेल्या असतात, तेव्हा त्यांची साक्ष कच्च्या गटातली आहे हे विसरू नये.

रंग खरवडताना मात्र एक पथ्य पाळावे. भारतात रंगातील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांमागे ९० भागांपेक्षा अधिक नसावे हा नियम २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या रंगांत शिसे असू शकते. म्हणून कोरडा पॉलिश पेपर मारून धूळ उडवू नये, पाणी लावून घासावे, तोंडाला मास्क लावावा आणि लहान मुलांना आसपास फिरकू देऊ नये.

क्रमांक नाही, म्हणजे चोरीची आहे का?

ही भीती स्वाभाविक आहे, पण बहुतेक वेळा अनाठायी. कवचावर ठरावीक अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक घालण्याची सक्ती अमेरिकेत १९७२ पासून आणि युरोपीय देशांत १९९८ पासून झाली, आणि युरोपातल्या नियमातून केवळ शर्यतीसाठी बांधलेल्या होड्या वगळल्या गेल्या. त्याआधीच्या किंवा भारतात बांधलेल्या डिंगीवर असा क्रमांक नसणे हे नेहमीचेच आहे. असल्यास तो मागच्या फळीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात शोधावा. लेझरचा क्रमांक जुन्या होड्यांत नाळेवरच्या कडीखाली आणि नंतरच्या होड्यांत मागच्या फळीवर असतो.

काही जातींच्या लाकडी होड्यांत जातीचा क्रमांक लाकडात कोरलेला असतो, बहुधा आतल्या तुळईवर, फळीच्या पेटीजवळ किंवा मागच्या फळीच्या आतल्या अंगाला. रंगाच्या थरांखाली तो समोरून दिसत नाही. अंधार पडल्यावर विजेरी लाकडाला लागून अगदी आडवी धरावी, म्हणजे कोरीव खाचेत सावली पडते आणि अंक वर येतात. त्याच प्रकाशात मागच्या फळीवर कोपऱ्यांना चार बारीक भोके असलेला, आजूबाजूपेक्षा फिकट चौकोनही कधी दिसतो. तिथे एके काळी पाटी होती. ती का काढली हा प्रश्न तेव्हा विकणाऱ्याला जरूर विचारावा.

शिडावरच्या क्रमांकातून शिडाचे मूळ कळते, होडीचे नव्हे. आकड्यांआधी भारताची आयएनडी ही तीन अक्षरे असतील तर ते शीड भारतीय नोंदीचे. नुसते के हे एकच अक्षर असेल तर ते जुन्या पद्धतीचे ब्रिटिश शीड, कारण आता ब्रिटनसाठीही तीन अक्षरे वापरतात. कवचावर कोरलेला क्रमांक आणि शिडावरचा क्रमांक एकच निघाला, तर मात्र शीडही पक्क्या पुराव्यात धरावे, आणि तो क्रमांक त्या जातीच्या संघटनेकडे पाठवून जुनी नोंद विचारावी.

मोबाइलवर फोटो पाठवून भागणार नाही का?

भागते, पण फोटो योग्य असतील तर. जवळून, उभ्याने काढलेल्या फोटोत नाळ फुगलेली आणि मागची बाजू निमुळती दिसते, आणि चार मीटरची होडी पाच मीटरची वाटते. निदान बारा-पंधरा पावले मागे जाऊन, होडीच्या मध्याच्या रेषेत, कवचाच्याच उंचीवर मोबाइल धरून बरोबर बाजूने, समोरून आणि मागून एकेक फोटो काढावा, तळाचा एक काढावा आणि शेजारी उघडा टेप ठेवावा. मापांचा कागद सोबत नसेल तर जाणकार माणूसही अंदाजच सांगणार, आणि अंदाज तर विकणाऱ्याने दिलेलाच आहे.

एकाच कवचावर वेगवेगळी शिडे चालतात असे कोणी दाखवून देईल, आणि ते खरे आहे. लेझरच्या एकाच कवचावर ४.७, सुमारे ५.७ आणि ७.०६ चौरस मीटरची तीन शिडे चालतात. आता ही जात आयएलसीए या नावाने ओळखली जाते आणि शिडानुसार तिचे ४, ६ व ७ असे प्रकार आहेत. हांगझोऊ येथील आशियाई स्पर्धांत नेहा ठाकूरने रौप्यपदक मिळवले ते यांतल्या सर्वांत लहान शिडावर, आणि तिचे शिक्षण समुद्रावर नव्हे, भोपाळच्या तलावावर झाले होते. पण ही तीन शिडे आरेखनातच बसवलेली आहेत. त्यांच्यासाठी डोलकाठीचा खालचा भागही वेगवेगळा असतो. गोठ्यात जे जोडले गेले होते, ते या प्रकारात मोडत नाही.

आणि जातच सापडली नाही तर?

तसेही होते. मासिकातल्या आराखड्यावरून कोणी हौशी माणसाने बांधलेली, किंवा परदेशी होडी समोर ठेवून स्थानिक सुताराने नजरेने उतरवलेली होडी कोणत्याच जातीत बसत नाही. मापे कोणत्याही जातीशी दोन-तीन सेंटिमीटरच्या आत जुळत नसतील, उजव्या-डाव्या बाजूंच्या मापांत डोळ्यांना दिसेल असा फरक असेल, किंवा जाड फळ्या आणि वर फायबरचा थर असेल, तर नाव शोधण्याचा हट्ट सोडावा. तिच्या लांबी-रुंदीच्या जवळची, त्याच प्रकारच्या फळीची एखादी ज्ञात जात घ्यावी आणि तिच्यापेक्षा लहान शीड लावावे. मोठ्या शिडाने होडी वेगाने जाईल हा मोह अशा होडीच्या बाबतीत अजिबात नको.

नाव कळले, आता पाण्यात उतरवावी का?

नाव कळल्याने मापे कळतात, होडी शाबूत आहे हे कळत नाही. डिंगीच्या आत हवेच्या बंद पोकळ्या किंवा पिशव्या असतात, त्यांच्यामुळे ती पाण्याने भरली तरी बुडत नाही. जुन्या होडीत याच पोकळ्यांची झाकणे गळकी आणि पिशव्या जीर्ण झालेल्या असतात. म्हणून आधी कमरेइतक्या संथ पाण्यात, शिडाशिवाय, ती मुद्दाम पाण्याने भरावी आणि अर्धा तास तशीच ठेवावी. ती समपातळीत तरंगत राहिली तर ठीक. एक टोक खाली जाऊ लागले तर त्या बाजूची पोकळी उघडून दुरुस्त करावी, आणि हे झाल्याशिवाय शिडावर एक रुपयाही खर्च करू नये.

एंटरप्राइज दोघांची होडी आहे, पाहुणे आले म्हणून ती पाच जणांची होत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे बोट उलटून झालेली दुर्घटना सांगली जिल्हा विसरलेला नाही. पुराच्या पाण्यात शिडाची डिंगी कोणत्याही कामाची नाही, बचावाच्या तर नाहीच. संथ पाण्यातही प्रत्येकाच्या अंगावर बक्कल लावलेले जीवरक्षक जाकीट हवे.

परवानगीचा प्रश्न वेगळा आहे. धरणांचे जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात आणि कोयनेच्या पाण्याचा काही काठ अभयारण्याला लागून आहे, तेव्हा होडी स्वतःची असली तरी पाणी आपले नसते. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने यंत्राविना चालणाऱ्या नौकांचाही विचार केला आहे आणि त्यांची नोंद स्थानिक पातळीवर व्हावी अशी तरतूद ठेवली आहे. अर्ज करताना होडीचे वर्णन द्यावेच लागते. तिथे ‘जुनी शिडाची बोट’ असे मोघम न लिहिता जात, लांबी, रुंदी, कवच कशाचे, शिडाचे क्षेत्रफळ आणि माणसांची क्षमता लिहावी, आणि ओळंब्याने घेतलेल्या मापांच्या कागदाची एक प्रत सोबत जोडावी.